हेनिकरचे रान

बॉस्टनहून मोटारीने उत्तरेस दीडेक तास गेले, की न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर हे लहानसे गाव लागते. काँटूकुक नदी, तिच्यावरील छपराचा लाकडी पूल, एक महाविद्यालय आणि चोहोबाजूंस पाइन व मेपल यांची झाडी, एवढेच त्याचे वैभव. आम्ही तेथे गेलो, ते एका जुन्या वादाच्या ओढीने.

हेज नोएल हे न्यूयॉर्कचे शेअरदलाल. चार्ल्स गेन्स हे रानावनात रमणारे लेखक. बाजाराच्या धकाधकीत तरलेला शहरी मनुष्य रानातही तग धरील काय, यावर या मित्रांची जुंपली. झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्याचे एक पिस्तूल मिळत असे. तेच निवाड्यास उपयोगी पडले. २७ जून १९८१ रोजी हेनिकरच्या रानात बारा गडी उतरले. चार ठिकाणी निशाणे ठेवली होती. प्रत्येक ठिकाणचे एकेक निशाण घेऊन, अंगावर रंग न लागता जो प्रथम बाहेर पडेल, तो विजयी. पेंटबॉलचा हा पहिला डाव.

या झाडीत उभे राहिले, म्हणजे त्या गड्यांची स्थिती ध्यानी येते. वीस पावलांपलीकडे दिसत नाही. पान सळसळले, तरी मान वळते. अशा वेळी हात चापाकडे जाणारच. परंतु ते पिस्तूल प्रत्येक बारानंतर हाताने पुन्हा सज्ज करावे लागे. नेम चुकला, तर आपली जागा तेवढी उघडी पडे. म्हणून खरा प्रश्न ‘नेम साधेल काय?’ हा नव्हता; ‘हा मनुष्य माझ्या वाटेत आहे काय?’ हा होता.

जिंकले ते जंगलाच्या कामात मुरलेले रिची व्हाइट. त्यांनी चारही निशाणे मिळविली आणि एकही गोळी झाडली नाही! रानाची माहिती गेन्स यांनाही होती. व्हाइट यांचे अधिक ते एवढेच, की आपण कशासाठी आलो आहोत, याचा त्यांना भयातही विसर पडला नाही.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या आम्हां मंडळींना हा वाद परका नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही अनोळखी गावी प्रत्येक डिवचण्याला उत्तर दिले नाही. बिऱ्हाड थाटले, मुले शिकविली. त्या मौनाला आपण कधी भित्रेपणा म्हटले असेल, तर हेनिकरचे रान एकदा अवश्य आठवावे.