कॉमिक्स वाचू द्या, पण जाहिरात ओळखायला शिकवा



"सर, पोरं कॉमिक्स वाचत बसतात, अभ्यास कधी करणार?" आमच्या बिलोलीत पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. म्हणून आज कॉमिक्सबद्दलच लिहितो.

सप्टेंबर २००८ मध्ये गुगलने क्रोम हा ब्राउझर आणला. त्याची माहिती द्यायला कंपनीने स्कॉट मॅक्लाउड या चित्रकाराकडून चक्क ३८ पानांचं कॉमिक्स काढून घेतलं. त्यातली पात्रं कोण? तर क्रोम बनवणारे इंजिनिअरच! आणि वाचक कोण? संगणकातली जाणकार मंडळी. आता सांगा, त्यांनासुद्धा चित्र उपयोगी पडतं, तर आपल्या सातवीच्या मुलांना का पडू नये?

त्यातला एक मुद्दा मी वर्गात घेतला. तेव्हाच्या ब्राउझरमध्ये एक पान अडकलं की बहुतेक वेळा सगळंच बंद पडायचं. क्रोमने प्रत्येक टॅबचं काम वेगळं ठेवलं. मी फळ्यावर एका खोलीत बसलेले चार वर्ग काढले. दुसरीची पोरं भांडतात आणि चौथीचं गणित बुडतं! मुलं खो खो हसली. मग शेजारी चार खोल्या काढल्या.

घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी वर्गात सहसा तोंड उघडत नाही. ती एकदम म्हणाली, "सर, मग खोल्यांचा खर्च वाढतो की!" अगदी बरोबर. टॅब वेगळे ठेवले की संगणकाची मेमरी जास्त लागते. मराठी वाक्य जुळवायला अडणारी ही मुलगी चित्रावरून थेट मर्मापर्यंत पोचली. गुणपत्रिकेत हे कुठं दिसतं?

पण पालकहो, दुसरी बाजूही बघा. ते कॉमिक्स शेवटी जाहिरातच होती. आपल्याकडेही हे नवं नाही. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी ब्रश घेतलेला खट्याळ 'गट्टू' काढला आणि तो घराघरांत ओळखीचा झाला. हसणारा माणूस सावध नसतो, हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. आज तुमच्या मोबाईलवर गेमची, झटपट कर्जाची जाहिरातही कार्टून होऊनच येते. आणि तो मोबाईल संध्याकाळी असतो लेकराच्या हातात!

म्हणून चित्र बंद करू नका, प्रश्न सुरू करा. हे कोणी काढलं? त्याला आपल्याकडून काय हवंय? यात कुठली गोष्ट सांगितली नाही?

सोपा उपक्रम देतो. एखाद्या वस्तूची चार चौकटींची गमतीदार जाहिरात मुलांना काढायला सांगा. मग पाचवी चौकट द्या, त्यात त्या वस्तूची एक उणीव काढायची. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ याच चौकटीला लागला. तुमच्याकडे काय घडतं, ते जरूर कळवा.