मशरूमची भाजी

आमच्या घरी महिन्या-दोन महिन्यांतून एक पदार्थ होतो. लेकीने त्याचं नाव 'स्ट्रोगानॉफ' असं सांगितलं होतं. माझ्या जिभेला ते वळलं नाही, म्हणून मी त्याला 'सायीतलं गोश्त' म्हणते. शेजारच्या काकूंना मात्र मी कित्येक वर्षं त्याचं तिसरंच नाव सांगत आले, 'मशरूमची भाजी'.

पुण्यात एका मैत्रिणीकडे लेकीने तो खाल्ला आणि घरी येऊन करून दाखवते म्हणाली. मूळ पदार्थ रशियाचा. स्ट्रोगानॉव्ह नावाच्या तिथल्या बड्या घराण्यावरून त्याला नाव पडलं. येलेना मोलोखोवेत्स या बाईंच्या पाककृतींच्या पुस्तकात १८७१ साली तो छापला गेला. त्यात गोमांस, मोहरी आणि शेवटी थोडी आंबवलेली साय एवढंच होतं. मशरूम त्यात नव्हतेच, ते मागाहून आले.

लेकीने मटणाच्या पातळ पट्ट्या कापल्या, मोठ्या आचेवर चार मिनिटं परतल्या आणि ताटात वाढल्या. दातांना चपलेचं कातडं लागावं तसं लागलं. तिचे अब्बा घास गालात धरून म्हणाले, "बेटा, ये रशिया का जानवर नहीं है."

खरंच होतं ते. त्या पद्धतीला कोवळ्या जनावराचं, पाठीच्या आतल्या बाजूचं मऊ मांस लागतं. आमच्या खाटकाकडे मिळतं ते वय झालेल्या म्हशीचं किंवा रेड्याचं, रंगाने काळपट, कमी चरबीचं आणि चिवट. त्याला वेळच द्यावा लागतो. मंद आचेवर शिजत राहिलं की त्यातले चिवट धागे विरघळतात आणि रस्सा बोटांना चिकटेल असा दाट होतो.

तेव्हापासून मी माझ्या रीतीने करते. अर्धा किलो बिनहाडाचं गोश्त, दोन कांदे, आलं-लसूण, भरपूर काळी मिरी. हळद नाही, मिरची नाही. कुकरची एक शिट्टी झाली की आच बारीक करून पाऊण तास. मशरूम वेगळ्या कढईत मोठ्या आचेवर परतायचे आणि मीठ शेवटी घालायचं. मशरूममध्ये पाणीच फार. आधी मीठ घातलं की ते पाणी सुटतं, आणि परतायचे ते उकडले जातात. मग दोन्ही एकत्र करायचं, गॅस बंद करायचा आणि साय घालायची. उकळत्या रश्श्यात आंबट साय फुटते, म्हणून आधी तिच्यातच दोन डाव गरम रस्सा मिसळून घ्यायचा. बरोबर गरम भात. पावसाळ्याच्या संध्याकाळी, साताऱ्यात झड लागलेली असताना, याच्याइतकं मनाला ऊब देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

ही साय काकूंची. त्यांच्याकडे रोज म्हशीचं दूध येतं. काकांना हृदयाचं दुखणं निघालं, तेव्हापासून त्यांच्या घरातलं लोणी-तूप बंद झालं. आठवड्याची साय स्टीलच्या डब्यात भरून त्या मला देऊ लागल्या. मी रात्री तिला चमचाभर दह्याचं विरजण लावते. रशियन लोक घालतात ती हीच. डबा परत करताना रिकामा द्यायचा नाही ही आपल्याकडची रीत. मी कधी साखर घालून देई, कधी खजूर. काकू दारात उभ्या राहून विचारायच्या, "काय शिजतंय भाभी? वास छान येतोय." आणि मी म्हणायचे, "मशरूमची भाजी."

हे उत्तर मला अम्माकडून मिळालं होतं. लहानपणी आम्ही एका वाड्यात भाड्याने राहायचो. मोठ्याचं मटण शिजायला लागलं की अम्मा रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायची आणि मला बजावायची, "कोई पूछे तो आलू का सालन बोल." सालनात बटाटे असायचेच. तेव्हा खोटं नाही, अर्धं खरं. मी बटाट्यांच्या जागी मशरूम आणले, एवढाच फरक.

लाज दोन्हीकडची होती हेही कबूल केलं पाहिजे. आमच्यातल्याच चार पैसे बाळगणाऱ्या घरांत "हमारे यहाँ बड़े का नहीं आता" असं ऐटीत सांगितलं जातं. मोठ्याचं म्हणजे गरिबाचं. बकऱ्याचं परवडत नाही म्हणून आणलेलं. शिळ्या भाकरीबरोबर ज्यावर कित्येकांची पोरं वाढली, त्याचं नाव दावतीत कुणी घेत नाही.

पुढे लाजेत भीती मिसळली. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हैस-रेडा त्या बंदीत नाहीत, म्हणजे आमच्या घरात येतं ते कायद्याने चालतं. पण शिजलेल्या फोडीकडे बघून जनावर कुणाला ओळखता येतं? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उत्तर प्रदेशात दादरीजवळ, घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावाने महंमद अखलाक यांना ठार मारलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी फ्रिज उघडून आतल्या पातेल्याकडे बघत उभी राहिले होते. तेव्हापासून 'मशरूमची भाजी' हे शब्द तोंडातून आणखी सहज येऊ लागले.

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी काकू डबा घेऊन आल्या. श्रावण चालू होता. म्हणाल्या, "भाभी, यांच्या तोंडाची चवच गेलीय. किती दिवस वास घेतेय तुमच्या त्या मशरूमच्या भाजीचा. वाटीभर द्या ना. यांना पथ्याचं सांगितलंय, पण एवढीशी चालेल."

इतक्या वर्षांत त्यांनी आमच्याकडून शिजवलेलं काही मागितलं नव्हतं. गॅसवर पातेलं होतं, वरून साय घालायची तेवढी राहिली होती. "संपली हो," असं म्हणून मी सुटले असते. पण उद्या पुन्हा विचारलं तर? आणि माझ्या माघारी लेकीने भोळेपणी वाटी भरून दिली असती तर? अर्धं खरं आपल्यापुरतं चालतं. दुसऱ्याच्या ताटात ते वाढता येत नाही.

मी म्हणाले, "काकू, त्यात गोश्त असतं. मोठ्याचं, म्हशीचं. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही."

त्या गप्प उभ्या राहिल्या. मग हळूच विचारलं, "आणि साय?"

"तुमचीच."

डबा माझ्या हातात देऊन त्या गेल्या. त्या दिवशी ते जेवण कुणाच्याच घशाखाली नीट उतरलं नाही.

दोन आठवडे साय आली नाही. तिसऱ्या आठवड्यात आली ती आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. काकू म्हणाल्या, "हा परत नका देऊ." मला समजायचं ते समजलं. रागावण्याचा हक्क मला नव्हता. खोटं मी बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून मशरूमची दोन पाकिटं आणली आणि न उघडता काकूंच्या दारात नेऊन दिली. उंबऱ्याबाहेर उभी राहून कृती सांगितली. मीठ शेवटी, साय जपून, काकांना अगदी चमचाभर. त्यांनी ती स्वतःच्या कढईत, स्वतःच्या हाताने केली. काकांनी भातावर घेऊन खाल्ली म्हणे.

"चांगली झाली," काकू नंतर म्हणाल्या, "पण तुमच्याकडून वास येतो तसा नाही आला."

मी म्हटलं, "नाहीच येणार, काकू." आणि आम्ही दोघी हसलो. काकूंचं हसणं जरा लवकर थांबलं.

साय अजून येते, प्लॅस्टिकच्याच डब्यांतून. ते मी धुऊन माळ्यावर ठेवले आहेत, टाकवत नाहीत. कुकर लावला की खिडकीकडे हात अजूनही जातो. काय शिजतंय, हे मात्र काकू आता विचारत नाहीत.