फुटलेल्या बाटल्या आणि घरच्या बिअरचा इतिहास

या धाग्यात आजवर राजे, तह आणि लढाया यांविषयी पुष्कळ लिहून झाले. आज एका फडताळाविषयी लिहितो.

इंग्लंडच्या मध्यभागातील एका शहरात शिकत असताना आम्ही दोघे विद्यार्थी एका जुन्या, भाड्याच्या घरात राहत होतो. गरम पाण्याची टाकी ज्या फडताळात होती, तिथल्या उबेत मी घरी केलेल्या बिअरच्या चाळीस बाटल्या रचून ठेवल्या होत्या. फेब्रुवारीतील एका रात्री त्यांतली पहिली फुटली. आवाज ऐकून माझा सहनिवासी दार उघडायला गेला आणि त्याच क्षणी दुसरी फुटली. त्याच्या हाताला पाच टाके पडले; डोळा वाचला तो केवळ चष्म्यामुळे. तो स्वतः मद्याला स्पर्शही करीत नसे.

माझे चुकले कुठे, हे शोधण्यासाठी मी ग्रंथालयात शिरलो आणि तिथून इतिहासात कायमचा अडकलो. घरी बिअर करण्याच्या बहुतेक सूचना म्हणजे कोणीतरी पूर्वी मोजलेली किंमत आहे, हे मला तेव्हा कळले.

आधी मूळ कृती सांगतो. बार्ली, म्हणजे आपला जव, भिजवून मोड आणायचे आणि वाळवायचे. हे झाले माल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरू दिले, की धान्यातील पिठाची साखर होते. हा गोड काढा गाळून हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांसह तासभर उकळायचा, झटपट थंड करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट साखर खाते. मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड मागे ठेवते. नवशिक्याने माल्टचा तयार, घट्ट अर्क डब्यातून घ्यावा, म्हणजे पहिला अर्धा खटाटोप वाचतो. मीही तेच केले होते. २३ लिटरचे पिंप, एक डबा, एक किलो साखर आणि अमाप आत्मविश्वास.

इंग्लंडात हा उद्योग उघडपणे करता येतो, त्यामागेही एक कथा आहे. १८८० साली ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा जुना कर रद्द करून तो बिअरवर लावला आणि त्याबरोबर घरगुती बिअरलाही परवान्याची अट आली. ती अट १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकली. स्वतःपुरती करा, विकू नका, एवढेच बंधन उरले. अमेरिकेत तर मद्यबंदी १९३३ साली उठूनही घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची मुभा १९७८ साली मिळाली.

आता माझ्या चुकीकडे वळतो. आमची खोली थंड होती. आठवडाभरात पिंपाच्या झाकणातून बुडबुडे येणे थांबले, तेव्हा आंबणे पूर्ण झाले असे मी मानले. वास्तविक यीस्ट थंडीने झोपी गेले होते. बरीचशी साखर शिल्लक असतानाच मी बिअर बाटल्यांत भरली, फेस यावा म्हणून रीतीप्रमाणे आणखी थोडी साखर घातली, बुचे ठोकली आणि बाटल्या उबेला नेऊन ठेवल्या. यीस्ट जागे झाले.

हे टाळण्याचे साधन त्याच खोक्यात माझ्यापाशी होते. हायड्रोमीटर! काचेची ही तरंगती नळी आपल्या ओळखीची आहे. दुधातले पाणी पकडणारा लॅक्टोमीटर तिचाच भाऊबंद. काढा जितका गोड, तितकी नळी वर तरंगते. सुरुवातीला १.०४० च्या आसपास असलेले माप आंबणे संपता संपता १.०१० च्या जवळ उतरते आणि तिथेच थांबते. लागोपाठ दोन-तीन दिवस तेच माप आले तरच बाटल्या भराव्यात. माझी बिअर बहुधा १.०२० वर अडकली होती. फेसासाठी लिटरमागे सहा ग्रॅम साखर पुरते; माझ्या बाटल्यांत त्याशिवाय वीसेक ग्रॅम आधीच दडलेली होती. बुडबुड्यांवर विसंबू नका, ही या धाग्यातली सर्वांत उपयोगी ओळ समजा.

हे साधनही सुखासुखी आलेले नाही. अठराव्या शतकातील इंग्लिश मद्यकार हात बुडवून उष्णता आणि जिभेने गोडी जोखत. मायकेल कॉम्ब्रून यांनी १७६२ च्या आपल्या ग्रंथात थर्मामीटरचा आग्रह धरला. हॅम्पशायरच्या जेम्स बॅव्हरस्टॉक या तरुणाला तो थर्मामीटर वडिलांच्या नजरेआड वापरावा लागे, असे सांगतात. पुढे हायड्रोमीटर घेऊन तो लंडनला सॅम्युएल व्हिटब्रेड यांच्याकडे गेला, तर त्यांनी त्याची वाटेला लावणी केली. अखेर १७८४ साली हल शहराच्या जॉन रिचर्डसन यांनी या मोजमापावर पुस्तक लिहिले आणि ते रूढ झाले. अनुभवी माणसाला मोजपट्टीचा राग का येतो, हे मला चांगले समजते. मी तर अननुभवी असूनही तिला खोक्याबाहेर काढले नव्हते.

आणखी एक गोष्ट मी बरेच दिवस कोणाला सांगितली नाही. स्फोटाच्या आदल्या दिवशी मी चव पाहण्यासाठी एक बाटली उघडली होती. फेसाचा फवारा थेट छताला लागला. मी हसलो, फरशी पुसली आणि झोपलो.

लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळ म्यू कंपनीची हॉर्स शू ब्रुअरी होती. तेथे पोर्टर ही काळी बिअर महिनोन्‌महिने मुरत ठेवण्यासाठी २२ फूट उंचीची लाकडी पिंपे होती. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास कोठारातील कारकून जॉर्ज क्रिक याला एका पिंपाचा लोखंडी पट्टा निसटलेला दिसला. असे पट्टे वर्षातून दोन-तीनदा निसटतच. काही बिघडणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. दुरुस्तीसाठी चिठ्ठी लिहिली गेली. तासाभरात पिंप फुटले, त्याच्या तडाख्याने इतर पिंपांतूनही बिअर वाहू लागली आणि मागची भिंत कोसळून हा लोंढा सेंट जाइल्सच्या गरीब वस्तीत घुसला. आठ जण मेले, सगळ्या स्त्रिया आणि मुले. त्यांतल्या काही जणी एका तळघरात, आदल्या दिवशी वारलेल्या एका बाळाच्या मृतदेहाशेजारी बसल्या होत्या. चौकशीत कोणालाही दोषी धरले गेले नाही. उलट वाहून गेलेल्या बिअरवर भरलेला कर कंपनीला परत मिळाला.

ही घटना समाजमाध्यमांवर वरचेवर विनोद म्हणून फिरते. मला ती वाचताना प्रत्येक वेळी ती चिठ्ठी आठवते आणि छतावरचा तो डाग.

त्या आठवड्यात आईला फोनवर सगळे सांगितले. बिअर हा शब्द तिने ऐकून न ऐकल्यासारखा केला. मग म्हणाली, "थंडीत विरजण लागत नाही म्हणून आपण पातेलं उबेला ठेवतो. पण लागलंय की नाही ते बघितल्याशिवाय पुढचं काही करतो का रे?" आणि पुढे, "भांडी तरी उकळत्या पाण्यानं धुतली होतीस का?"

भांडी मी धुतली होती, पण तिचा दुसरा प्रश्न मोठा आहे. काढा थंड झाल्यावर ज्याचा ज्याचा त्याला स्पर्श होईल, ते सगळे निर्जंतुक हवे. नुसते स्वच्छ असून भागत नाही. १८७१ साली लुई पाश्चर लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेले, सूक्ष्मदर्शकाखाली तेथील यीस्ट पाहिले आणि त्यात परके जंतू असल्याचे दाखवून दिले. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले आणि कार्ल्सबर्गने ते इतरांनाही मोकळेपणाने दिले. तोवर हजारो वर्षे जग आदल्या घाण्यातला गाळ पुढच्या घाण्यात घालत होते, अगदी आपल्या विरजणासारखा.

उष्णतेबाबत बव्हेरियाचे उदाहरण पाहा. १५१६ च्या तेथील प्रसिद्ध आदेशात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढेच घटक आहेत. यीस्टचा उल्लेखच नाही. मात्र १५५३ साली तेथील ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यास मनाई केली. उन्हाळ्यात बिअर नासते, एवढे अनुभवाने कळले होते; कारण कळायला तीन शतके लागली. घरगुती एल बिअरसाठी १८ ते २२ अंश ठीक, पण ते अंश सतत हवेत. थंड खोलीत पिंपाला घोंगडी गुंडाळा. बाटल्या दाब सोसणाऱ्या, खास बिअरच्याच वापरा, गळ्याशी थोडी जागा रिकामी सोडा आणि त्या झाकणाच्या खोक्यात ठेवा.

एक खुलासा आपल्या वाचकांसाठी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना मद्य बनवणे हा गुन्हा आहे. परतल्यापासून मी ते केलेले नाही.

त्या वसंतात मात्र दुसरा घाणा लावला, तोही सहनिवाशाच्या आग्रहाने. हाताची पट्टी निघाली होती. आता माप मी घेणार, असे त्याने जाहीर केले. रोज संध्याकाळी तो नमुना काढी, नळी सोडी, चष्मा पुसून आकडा वाची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. १.०१४. १.०११. १.०१०. मी बाटल्या काढू लागलो, तर त्याने हात आडवा घातला. आम्ही आणखी तीन दिवस थांबलो.