राखेतला बटाटा

ओझरला, विघ्नहराच्या गावी, संकष्टीच्या सकाळी आंघोळीचे पाणी तापले की चुलीतल्या ऊन राखेत आम्ही न सोललेले बटाटे पुरतो. वेगळे सरपण लागत नाही. पाऊण तासात साल करपते आणि स्वतःच्याच वाफेवर शिजून गर पिठूळ होतो. वर मीठ, थोडे तूप, फराळ तयार. शेजारच्या आंबेगावातील सातगाव पठारावर पिकणारा हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि त्याचे नाव आपण पोर्तुगिजांकडून घेतलेले. तरी उपवासाला तो चालतो. पिढ्यान्‌पिढ्या शेतात पिकणारी ज्वारी मात्र चालत नाही! रूढी परक्याला आत घेते ती बहुधा भुकेच्या वाटेनेच, असे राख झटकताना आम्हांस वाटत राहते.