गप्प बाटली

फ्रीजरमध्ये दोन बाटल्या शेजारी शेजारी असत. एकीवर १७-बीटा-इस्ट्राडायॉल, दुसरीवर १७-अल्फा-इस्ट्राडायॉल. आत सारखीच पांढरी भुकटी; अठरा कार्बन, चोवीस हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. फरक एवढाच, की सतराव्या कार्बनावरचा हायड्रॉक्सिल गट पहिलीत कड्यांच्या प्रतलाच्या वर वळलेला आणि दुसरीत खाली. पहिली म्हणजे स्त्रीदेहातले प्रमुख संप्रेरक. दुसरीला आम्ही 'गप्प बाटली' म्हणत असू.

गंमत म्हणजे १९३० च्या दशकात ही नावे नेमकी उलट होती. जे सक्रिय, त्यालाच अल्फा म्हणत. रेणूची ठेवण नक्की कळल्यावर नावांची अदलाबदल झाली. जुने निबंध वाचताना या अदलाबदलीने आमचा एक आठवडा खाल्ला, ते असो.

ग्राही प्रथिनाच्या खोबणीत बीटा चपखल बसते, अल्फा कशीबशी. म्हणून तिला निष्क्रिय ठरवून प्रयोगात साक्षीला उभे करायचे. पेशी वाढल्या त्या संप्रेरकामुळे, की कोणत्याही स्टेरॉइडच्या नुसत्या सान्निध्याने, याचा निवाडा करायला गप्प राहणारे कोणीतरी हवेच. गाई मात्र आपले इस्ट्रोजन बहुतांशी याच अल्फा रूपात बाहेर टाकतात; निसर्गाला ती अनोळखी नाही.

१९९० च्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे एमसीएफ-७ पेशी होत्या. मिशिगनमधल्या एका कर्करोगग्रस्त ख्रिस्ती धर्मभगिनीच्या छातीत साठलेल्या द्रवातून १९७० साली मिळवलेल्या आणि आजही जगभर वाढणाऱ्या या पेशी इस्ट्रोजनला ताबडतोब प्रतिसाद देतात. फार ताबडतोब, असेही म्हणता येईल. पेशींच्या अन्नद्रवात आम्लता दाखवण्यासाठी घातलेला फिनॉल रेड हा बापुडवाणा रंगसुद्धा त्यांना इस्ट्रोजनसारखा भासतो, हे १९८६ साली उघड झाले होते. तोवर कित्येक प्रयोगशाळांतल्या 'कोऱ्या' बशा कोऱ्या नव्हत्याच! आम्ही तो रंग वगळला होता, सीरमही कोळशातून काढून घेतले होते.

तरीही गप्प बाटलीच्या पाच बशांपैकी सर्वांत तीव्र मात्रेच्या बशीत पेशी वाढल्या. तीनदा प्रयोग केला, तीनदा वाढल्या. सर म्हणाले, "बाटलीत बीटाची भेसळ असेल. तो बिंदू काढा." भेसळ खरोखर आहे का, हे तपासता आले असते. आम्ही तपासले नाही. प्रबंधाची मुदत जवळ आली होती, हे कारण खरे आहे आणि पुरेसे नाही. आलेखात चार बिंदू गेले, रेषा सपाट आली, आणि आम्हाला पदवी मिळाली.

२०१४ साली अमेरिकेतल्या तीन ठिकाणी एकाच वेळी चालणाऱ्या दीर्घायुष्य-चाचण्यांचा निकाल वाचनात आला. दहा महिन्यांच्या वयापासून अल्फा-इस्ट्राडायॉल खाऊ घातलेल्या नर उंदरांचे मध्यमान आयुष्य १२ टक्क्यांनी वाढले होते. २०१६ मध्ये तिप्पट मात्रेने ते १९ टक्क्यांवर गेले. माद्यांना काहीच फरक नाही! तेव्हा मनात आले, हिला ग्राहीशी काही देणेघेणे नसेल, निराळ्याच वाटेने जात असेल. म्हणजे आपली सपाट रेषा फारशी खोटी ठरत नाही. २०२० मध्ये तीही सोय गेली. इस्ट्रोजनचा अल्फा ग्राही काढून टाकलेल्या नरांमध्ये तिचे चयापचयावरचे फायदे दिसेनासे झाले. म्हणजे ती त्याच खोबणीत बसत होती.

निवृत्तीनंतर सर साताऱ्याला राहतात. त्यांना आम्ही हा निबंध पाठवला आणि सोबत जुन्या वहीतल्या त्या पानाचे छायाचित्रही. पाचवा बिंदू तिथे पेन्सिलीने काढलेला आहे. दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले. निबंध वाचला, छान आहे, असे लिहून त्यांनी आमच्या गुडघेदुखीची चौकशी केली होती. छायाचित्राबद्दल एक शब्द नव्हता. आम्हीही पुन्हा विचारले नाही.