अंधाराचे बारा तास

मागच्या डिसेंबरात मी फोनवर धाकट्या भावाशी बोलताना माझ्या जावयांसाठी एक शब्द वापरला. गांजेकस. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून त्याला तीन फोटोही पाठवले. हे लिहायला बसले आहे ते त्या शब्दापायी आणि त्या फोटोंपायी. जावयांना विचारूनच लिहिते आहे. ते म्हणाले, "लिहा आई, फक्त माझं नाव घालू नका."

मुलगी आणि जावई कॅनडात, ओंटॅरिओतल्या किचनरला राहतात. मी सहा महिन्यांसाठी गेले होते. नगरला ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई मी. दोघं सकाळी आठला कामाला गेली की दिवसभर घरात एकटी. बाहेर बर्फ. बेसमेंटमध्ये कपडे धुवायचं मशीन आणि त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात एक काळा कापडी तंबू, कपाटासारखा उभा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, माझ्या डोक्याच्या वर जाणारा. वरून चांदीच्या रंगाचा जाड नळा निघालेला, आत पंख्याची बारीक घरघर. मुलगी पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "अगं आई, त्याच्याकडे लक्ष नको देऊस. ह्याचं झाडांचं काहीतरी चालू असतं."

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी बेसमेंटचा दिवा लावला आणि तंबूची चेन खाली ओढली.

पहिल्यांदा वाटलं, अंबाडीच. बोटांसारखी चिरलेली, दातेरी कडांची पानं. आमच्या शेताच्या बांधाला अंबाडी असायची. आई तिची भाजी कण्या घालून, वरून लसणाची फोडणी देऊन करायची. किचनरच्या तळघरात अंबाडी, म्हणून क्षणभर मन हरखून गेलं. आणि मग वास आला. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. पान गांजाच्या पानासारखं दिसतं, म्हणून ते नाव. हे मी स्वतः कितीतरी बॅचना सांगितलेलं आहे. समोर अंबाडी नव्हती. जिच्यावरून अंबाडीला नाव मिळालं ती होती. तीन कुंड्या, तिन्हींना शेंड्याशी पांढऱ्या केसरांचे झुपके आलेले.

तो वास मला लहानपणापासून ठाऊक होता. गावात देवळामागे चार-पाच माणसं बसायची, चिलीम फिरायची. आई पदर नाकाला लावून मला हाताला धरून ओढत न्यायची. त्यांतल्या एकाची बायको आमच्याकडे खुरपायला यायची, तिच्या अंगावरचे वळ मी पाहिले होते. तो मारायचा तो गांजामुळे की दारूमुळे की मुळातच तसा होता, हे मी कधी विचारलं नाही. माझ्यापुरता निकाल लागलेला होता. गांजा म्हणजे वाया गेलेला माणूस.

पुढच्या दहा-बारा दिवसांत मी पाच-सहा वेळा तरी तो तंबू उघडला असेल. पुरावा गोळा करत होते, दुसरा शब्द नाही. दुपारी जायचं, दिवा लावायचा, चेन खाली, मोबाइलचा फ्लॅश, फोटो. फोटो भावाला. "पोरगी कुणाच्या घरात पडली बघ," हे माझे शब्द. संध्याकाळी जावई घरी आले की मी खोलीत जायची. त्यांना माझ्या हातचं थालीपीठ आवडतं. ते मी करायचं बंद केलं. "आई, तुम्हाला बरं नाही का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. मी "गुडघा" म्हणाले.

मुलीशी बोलले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की तिथे हा गुन्हा नाही. 17 ऑक्टोबर 2018 पासून कॅनडात गांजा कायदेशीर आहे. ओंटॅरिओत एकोणीस वर्षं पूर्ण झालेल्यांना घरी लावता येतो. माणशी नव्हे, घरटी चार रोपं, आणि बी परवाना असलेल्या दुकानातून घेतलेलं. आपल्याकडे 1985 च्या कायद्याने एक रोप लावलं तरी तुरुंग आहे, आणि मी तोच कायदा सामानात घालून तिथवर नेला होता. पण खरं सांगायचं तर कायदा कळून मी बदलले नसते. उलट म्हणाले असते, कायद्याला काय कळतंय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी जावयांनी खालून हाक मारली. "आई, जरा येता का? तुम्ही बायोलॉजीच्या. मला एक सांगा." मला माहीत आहे असं ते धरूनच चालले होते, त्यांच्या लेखी लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. मधल्या रोपावर, पांढऱ्या केसरांच्या आत, दोन-तीन पिवळे, किंचित वाकडे दाणे दिसत होते. केळीच्या इवल्या फण्यांसारखे. हे लावणारे लोक त्यांना केळीच म्हणतात. मी बघताक्षणी ओळखलं: परागकोश. मादी रोपाने नर फुलं काढली होती. गांजाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, पण मादीवर ताण आला तर ती स्वतःच पराग तयार करते, मग बी धरतं आणि त्या रोपाचं पीक वाया जातं.

"उजेड आत येतोय कुठून तरी," जावई म्हणाले.

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं आणि मी खाली मान घालून ऐकलं. वाढीच्या काळात रोपांना अठरा तास दिवा आणि सहा तास अंधार देतात. फुलावर आणायचं तर बारा तास दिवा आणि बारा तास अंधार, आणि तो अंधार सलग लागतो, मध्ये तुटून चालत नाही. ओंटॅरिओत संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत वीज स्वस्त, म्हणून त्यांचा दिवा रात्री चालायचा. म्हणजे मी दुपारी चेन ओढायचे तेव्हा त्या झाडांची रात्र असायची.

हे मला शिकवत होते! फोटोपिरिऑडिझम, दीप्तिकालिता, बारावीचा धडा. गार्नर आणि अलार्ड, 1920, तंबाखूची झाडं. मी फळ्यावर दोन पट्ट्या काढायचे, एक पांढरी, एक काळी, आणि काळ्या पट्टीच्या मधोमध खडूची एक रेघ ओढायचे: "रात्रीत एवढासा उजेड पडला तरी झाडाचा हिशेब चुकतो." उदाहरण शेवंतीचं द्यायचे, कारण ते घरचं होतं. वडील शेवंती लावायचे. दसरा जवळ आला, रात्री मोठ्या झाल्या की कळ्या धरायच्या. शेवंती दिवस नाही मोजत, रात्र मोजते, हे वाक्य मी तीस वर्षं म्हटलं. आणि तीच बाई पाच-सहा वेळा फ्लॅश मारून आली, आणि तिला एकदाही आठवलं नाही. कारण माझ्या समोर वनस्पती नव्हतीच. पुरावा होता.

त्या संध्याकाळी जावई तंबूत शिरून बसले. बेसमेंटचा दिवा चालू ठेवायचा, आतला दिवा बंद करायचा, माणसाने आत बसायचं आणि बाहेरून चेन लावायची. डोळे अंधाराला सरावले की कापडात, शिवणीत कुठे टाचणीएवढं भोक असलं तरी चमकतं. मुलगी स्वयंपाकात होती, म्हणून चेन मी लावली. काळ्या चिकटपट्टीचं रिंगण माझ्या हातात. आतून आवाज यायचा, "आई, डाव्या कोपऱ्यात, वरून एक वीतभर." मी पट्टी कापून लावायची. "आता गेलं. थांबा हं, खाली अजून एक आहे वाटतं." पस्तिशी ओलांडलेला, सहा फुटी माणूस तीन कुंड्यांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. पंधरा-वीस मिनिटं. घामाने डबडबून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पुन्हा तेच. नळ्याच्या तोंडाशी, पॉवर स्ट्रिपच्या लाल दिव्यावर, सगळीकडे पट्ट्या. ज्यांचा दोष नव्हता ती भोकं ते शोधत होते आणि मी बाहेरून ती बुजवत होते.

त्या दोन संध्याकाळी मला जे झालं त्याला नाव द्यायला मला अजून जमलेलं नाही. लाज होतीच. पण त्याहून वेगळं एक होतं. त्यांची ती चिकाटी मी ओळखत होते. द्राक्षावर भुरी दिसली की रात्री बॅटरी घेऊन बागेत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि जावई दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. पिकाला काय झालं या काळजीने बसलेला माणूस कसा दिसतो ते शेतकऱ्याच्या लेकीला सांगावं लागत नाही. ज्याला मी वाया गेलेला म्हणत होते तो माझ्या वडिलांसारखा वाकून बसला होता. आणि तरी मी त्या दोन्ही संध्याकाळी तोंड उघडलं नाही. भित्री आहे मी. पट्टी कापत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेत होते तेव्हा सांगितलं. सगळं. किती वेळा, फ्लॅश, फोटो, भाऊ. तो शब्दही. ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग विचारलं, "चेन पूर्ण उघडायचात का अर्धी?" मी म्हटलं, अर्धी, मधल्या कुंडीसमोर. "तरीच मधलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "बियाण्यातही तो गुण असतो कधी कधी, आई. सगळं तुमच्याकडे नका घेऊ." कामावर जायला निघताना दारातून म्हणाले, "त्या शब्दाचं मात्र लागलं."

त्या दिवसापासून चिमट्याने ते पिवळे दाणे काढायचं काम माझ्याकडे आलं. मी मागून घेतलं. रोज संध्याकाळी सातला दिवा लागला की चष्मा, भिंग, चिमटा. पंखा आधी बंद करायचा, नाहीतर पराग उडतो. हे करता करता मी नवशिकी झाले. जावई शिकवायचे आणि त्यांचे शब्द माझ्या ओळखीचे निघायचे. पाणी कधी द्यायचं? वाफसा आल्यावर. नवीन माणूस झाडं मारतो ती पाणी जास्त घालून, खत जास्त घालून. कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी. झाड उंच न होता पसरावं म्हणून लहानपणी शेंडा खुडलेला होता, द्राक्षाला खुडतात तसाच. फुलं दाट झाली की हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवायची, नाहीतर भुरी येते किंवा फूल आतून कुजतं. नळ्याच्या तोंडाशी कोळशाची गाळणी का, तर वास शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून. काढणीची वेळ भिंगातून कळते: फुलावरच्या राळेच्या थेंबांची डोकी आधी काचेसारखी असतात, मग दुधाळ होतात, मग काही मधाच्या रंगाची. मग अंधारात टांगून दहा-बारा दिवस सावकाश सुकवायचं. काडी वाकवली की कट् आवाज आला पाहिजे.

सहा महिने बर्फ असलेल्या गावात ज्याला मातीत हात घातल्याशिवाय करमत नाही त्याने काय करावं, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. "टोमॅटो का नाही लावत?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "लावले होते. हे जास्त अवघड आहे, म्हणून आवडतं. आणि शनिवारी रात्री मी थोडं घेतो, तेही खोटं नाही सांगत." ते घेतात हे मला आजही आवडत नाही. पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, त्या वयात हे नकोच, आणि काहींना याचं व्यसन लागतं, काहींचं मन बिघडतं, हे मी त्यांना स्पष्ट बोलले. त्यांनी वाद घातला नाही. बरणी कुलपात असते ती मला दाखवली.

एक गोष्ट मात्र चिमटा हातात असताना रोज वर यायची. 1998 साली अकरावीच्या एका मुलाच्या दप्तरात पुडी सापडली. स्टाफरूममध्ये मी म्हटलं होतं, असल्या मुलाला ठेवलं तर वर्ग नासेल. त्याला दाखला देऊन काढलं. पुडी त्याची होती का, कुणी दिली, घरी काय चाललं होतं, एकाही शब्दाने विचारलं नाही. निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर, असं प्रॅक्टिकलच्या वहीवर लाल शाईने लिहिणारी मी. त्या मुलाच्या बाबतीत निरीक्षणाचं पानच कोरं आहे. तो आता पंचेचाळिशीचा असेल. मी त्याला शोधलेलं नाही. शोधून काय म्हणायचं ते सुचत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी काढणी झाली. मधल्या झाडात बिया निघाल्याच, माझ्या नजरेतून सुटलेल्या. त्याच रात्री, म्हणजे नगरला सकाळ असताना, मी भावाला फोन लावला. फोटो काढताना काय झालं ते सांगितलं, आणि तो शब्द मी मागे घेते म्हणाले. तो गप्प. मग म्हणाला, "ताई, मी वहिनींना बोललोय. त्यांनी आणखी कुणाकुणाला सांगितलं असेल. भावकीत झालंय आता. मी काय सांगू लोकांना?"

मी म्हटलं, "सांग की ताई चुकली. माझं नाव घेऊन सांग."

"तू आल्यावर तूच सांग," तो म्हणाला.

आले आहे. दोन घरं झाली, सात राहिली आहेत.