बारालाचाच्या चढावर एक छोटा जेट

जुन्या बुलेटवर मनाली-लेह करायचा बेत आहे? आणि निघण्याआधी ‘गाडी जरा तयार करून घेऊ’ असं मनात आहे? मग आधी माझी फजिती ऐका.

माझी बुलेट 350, जुन्या कास्ट आयर्न इंजिनची. तिचा मूळ कार्ब्युरेटर 24 मिलिमीटरचा. दिल्लीच्या करोल बागेत तो काढून मी 28 मिलिमीटरचा बसवला, बुलेट 500 ला असायचा तसा. एअर फिल्टरचा डबा काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला. हवा जास्त येणार, म्हणून मेकॅनिकने मेन जेटही मोठा घातला. जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा. रेस दिल्यावर किती पेट्रोल आत जाणार, हे तो ठरवतो.

“एक छोटा जेटही सोबत द्या,” दादा मेकॅनिकला म्हणाला. मला ते उगाचच वाटलं. दादाची बुलेट मात्र कंपनीतून आली तशीच होती.

हायवेवर मी खूश! रेस पिळली की मांडीजवळून हवा ओढल्याचा घोगरा आवाज येई आणि गाडी झेपावे. ओव्हरटेक करताना गिअर पाडावा लागत नव्हता. दादा आरशात लहान होत गेला. फक्त अंबाल्याच्या गर्दीत गाडी दोनदा बंद पडली. मोठ्या तोंडाच्या कार्ब्युरेटरमध्ये कमी रेसवर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोल नीट फवारलं जात नाही. मोठ्या वेगासाठी केलेला बदल हळू चालताना नडतो, हा पहिला धडा. मी तो कानाआड केला.

मनाली साधारण 2,000 मीटरवर. तिथून अटल बोगद्यातून बाहेर पडलात की तुम्ही लाहौलमध्ये येता. तांडीला चंद्रा आणि भागा नद्यांचा संगम आहे. तिथे टाक्या भरल्या आणि भागेच्या काठाने केलाँग, जिस्पा, दारचा करत वर निघालो. झाडं संपली. उरले करडे डोंगर आणि वारा.

झिंगझिंगबारच्या पुढे गाडी मिसिंग मारू लागली. दुसऱ्या गिअरमध्येही ओढेना. मागे काळा धूर, नाकात पेट्रोलचा वास. बारालाचा जवळजवळ 4,900 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. हवा विरळ झाली, पण माझा मोठा जेट दिल्लीच्या हिशेबाने पेट्रोल पाजतच होता. दादाची गाडीही धापा टाकत होती, पण चालत होती. माझी सूरजतालच्या अलीकडे बंद पडली ती पडलीच.

दुपारचे चार वाजले होते. डोकं ठणकत होतं. मुक्काम खिंडीपलीकडे, सरचूच्या तंबूत. उन्हाने बर्फ वितळतं तसे दुपारनंतर इथले नाले चढतात, आणि अंधारात ते ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ.

दादा रागावला नाही. म्हणाला, “प्लग काढ.” प्लग काजळीने काळाकुट्ट. नीट जळणाऱ्या इंजिनाचा प्लग फिक्या कॉफीच्या रंगाचा असतो. बधिर बोटांनी आम्ही कार्ब्युरेटरची खालची वाटी उघडली, मोठा जेट काढला, छोटा बसवला. सुईची क्लिप एक खाच वर घेतली, म्हणजे सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. प्लग पुसला. पाचव्या किकला गाडी सुरू झाली. ताकद कमीच होती, पण धूर थांबला. खिंड ओलांडून अंधाराआधी सरचू गाठलं.

पुढे एका नाल्यात उघड्या फिल्टरवर पाणी उडालं, तेव्हा काढलेला तो डबा फार आठवला. पाणी आणि धूळ अडवायलाच तर तो असतो.

म्हणून सांगते, बदल करायचाच असेल तर जरूर करा. सपाट रस्त्यावर त्याची मजा खरी आहे. पण डोंगरात जाताना डबा परत लावा, छोटे जेट, नवा प्लग आणि स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवा, आणि जेट बदलायला घरीच शिका. परत खाली उतरलात की मोठा जेट आठवणीने घाला. नाहीतर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतं आणि पिस्टन खराब होऊ शकतो. पीयूसीही करून घ्या, आणि गाडीत कोणते बदल कायद्यात बसतात ते आधी विचारा.

परतीच्या वाटेवर मनालीत मी मोठा जेट बसवला. छोटा मात्र फेकला नाही. तो आजही माझ्या किल्लीच्या डबीत आहे. दादा घरी आला की मुद्दाम विचारतो, “आहे ना गं जागेवर?”